मोळीच्या पिळावरची परांची

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत, पण वडवणीची ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली माणसं अजून याच जिल्ह्यात राहतात.

मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना सरकारी दवाखान्यातून खबर आली, मोटारसायकल घसरून एक मजूर मयत. सोबत बायको होती. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, हवालदार पंचनाम्याला गेला. अशा नोंदी इतक्या येतात की हीसुद्धा सहज फाईलबंद झाली असती. संध्याकाळी आमच्या खबऱ्याचा फोन आला. अपघात जिथे झाल्याचं सांगितलं होतं, त्याच रस्त्यावर त्याची पंक्चरची टपरी होती. म्हणाला, "साहेब, हितं कुणी पडलंच न्हाई. त्यो गडी बांधकामावरून पडला. टेम्पोत घालून नेला त्याला."

मोटारसायकल तपासली. आरशावरसुद्धा ओरखडा नव्हता. मयताचे कोपर-गुडघे खरचटलेले नव्हते. मार सगळा डोक्याला आणि कमरेला, आणि केसांत सिमेंट. बांधकाम दुमजली गाळ्यांचं होतं. ठेकेदार पुढाऱ्यांत ऊठबस असलेला. त्याने चहा मागवला आणि तो गडी त्या दिवशी कामावर नव्हताच असं सांगून टाकलं. मी चहा घेतला नाही.

मयत शिरूर कासारकडचा. नवरा-बायको हंगामात ऊसतोडीला जात आणि एरवी बांधकामावर. महिलेचा जबाब तिच्या राहत्या जागी घ्यायचा असतो, म्हणून महिला शिपायाला घेऊन त्यांच्या गावी गेलो. बाई म्हणाली, "कुत्रं आडवं आलं, मालक गाडीवरून घसरले." पुन्हा विचारलं तर तेच, शब्दाचाही फरक नाही. खरं सांगणारा माणूस दुसऱ्या वेळी काहीतरी विसरतो, काहीतरी नवं सांगतो. पढवलेला कधी चुकत नाही. शिवाय ती दुःखापेक्षा भीतीत जास्त दिसत होती. मला तिचाच संशय येऊ लागला.

दहावा उरकल्यावर ती बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीतून आपलं सामान न्यायला आली. कळताच आम्हीही गेलो. मी तेच विचारत होतो, ती तेच सांगत होती. तेवढ्यात त्याच बांधकामावर कामाला असलेली तिची जाऊ डोक्यावर घमेलं घेऊन परांचीवर चढू लागली. परांची म्हणजे गवंड्यांना उभं राहण्यासाठी भिंतीलगत बांधलेला बांबूंचा सांगाडा. बाईचं बोलणं मधेच तुटलं. ती धावत सुटली आणि खालून ओरडली, "उतर आगं, उतर खाली. ते मी बांधलंय, सुटतंय ते."

जाऊ खाली आली. मग बाई तिथेच मातीत बसली आणि सगळं बोलली. परांची बांधणारा माणूस ठेकेदाराने आणलाच नव्हता. ऊसतोडीत नवरा ऊस तोडतो आणि बायको मोळी बांधते. तिचा हात झरझर चालतो हे बघून ठेकेदाराने काथ्याचा दोर तिच्याच हाती दिला. तिने तिला येत होतं तसं बांधलं. घट्ट पीळ दिला आणि टोक आत खोवलं. मोळी कारखान्यापर्यंत टिकली की त्या पिळाचं काम संपतं. परांचीवर मात्र दिवसेंदिवस माणसं वावरतात, बांबू हलतात आणि पीळ ढिला पडतो. नवऱ्याच्या पायाखालचा आडवा बांबू असाच निसटला. खाली जाळी नव्हती, त्याच्या कमरेला पट्टा नव्हता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

"मग खोटं कावून सांगितलं?" महिला शिपायाने विचारलं.

"ठेकेदार म्हणला, बांधलं तू, पडला तुजा नवरा. खुनात आत जाशील. लेकरं कुणाकडं ठिवू, ताई?"

मला त्या माणसाचा भयंकर संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. काम थांबवलं, सगळ्यांना खाली उतरवलं, परांचीवरचे दोर पिळांसकट पंचांसमक्ष जप्त केले. ठाण्यात ठेकेदार बराच वेळ एकच पालुपद लावून बसला होता, "बांधलं तिनं, माजा काय संबंध?" मी विचारलं, "मोळ्या बांधणाऱ्या बाईला परांची बांधायला कुणी लावलं?" त्यावर त्याने पाणी मागितलं. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आणि पुरावा दडवल्याचा गुन्हा दाखल झाला.

बांधकामावरचा अपघात माणूस पडण्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो, हे मी या तपासात शिकलो. ज्याला जे येत नाही ते काम, तो हाताशी आहे म्हणून त्याच्या गळ्यात मारलं जातं, तिथेच त्याची सुरुवात होते. पुढे बदली होईल तिथे, बंदोबस्ताला जाता-येता, परांची दिसली की मी गाडी थांबवून विचारायचो, ही बांधली कुणी? लोकांना वाटायचं, साहेबांना दुसरा उद्योग नाही.

सुधारित जबाबावर अंगठा लावताना बाईने विचारलं, "मला सजा किती हाय, साहेब?"

"तुम्हाला सजा नाही," मी म्हणालो. "तुम्ही आरोपी नाही, साक्षीदार आहात."

मला वाटलं, आता ती मोकळी होऊन रडेल. ती कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "थोडी तरी लिवा, साहेब."