आमच्या मॅडमना कन्नड येत नाही

"स्वल्प थांब गं, आधी आत कोण राहतंय ते बघू."

जमिनीवर पडलेला पेरू दिसला की अक्का हमखास असं म्हणायच्या. वाकून तो उचलायच्या, दोन्ही अंगठे रोवून मधोमध फोडायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावायच्या. गरात अळी वळवळताना दिसली की म्हणायच्या, "आहेत हो, घरातच आहेत मंडळी." मग तो पेरू काळ्या पिशवीत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याला स्वतःला कशाचीच लाज नसते, आणि त्याच्या वाटची सगळी लाज बरोबरच्या माणसाला वाटत राहते. मी ते बरोबरचं माणूस.

मी परभणीकडची. सातवीतून शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याच्या मागोमाग बेंगळुरूजवळ आनेकलला आले. तो तिथल्या एका कारखान्यात लागला होता. मला कन्नडचं अक्षर कळत नव्हतं. बाजारात एक बाई मराठीत भाजीवाल्याला रागावताना ऐकली आणि मी खुळ्यासारखी तिच्या मागे चालत गेले. त्या अक्का. त्यांचं घराणं फार पूर्वी बेंगळुरूला येऊन राहिलेलं. सरकारी कारखान्यात इंजिनियर होत्या, निवृत्तीनंतर गावाबाहेर ही पेरूची बाग घेतलेली. त्यांनी मला काम दिलं, बागेतली खोली दिली. सुनेचे चांगले चांगले ड्रेस आणून दिले. स्वतः मात्र विटकी साडी, वर नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्याला टॉवेल.

रविवारी आम्ही शहरात, एचएसआर लेआउटमध्ये पेरू विकायला बसायचो. तिथली मुलं-मुली फळाकडं मोबाईलसारखी निरखून बघतात. अक्का त्यांना आपणहून सांगायच्या, "फवारणी नाही हं यावर. एखाद्यात अळी निघेल. चिरून बघा, मग खा." गिऱ्हाईक हातातला पेरू खाली ठेवून निघून जायचं. मी मान खाली घालून कागद सारखे करत बसायचे.

"अक्का, कशाला सांगता हो?"

"मग काय, तिला घरी जाऊन भेटू दे होय अळी?"

ही अळी म्हणजे फळमाशीची. माशी पिकत आलेल्या फळात अंडी घालते, आत अळ्या होतात, फळ गळून पडतं. अळ्या त्यातून निघून मातीत शिरतात आणि पुन्हा माशी होऊन वर येतात. म्हणून पडलेलं फळ एक दिवसही खाली ठेवायचं नाही. पिशवीत भरून तोंड बांधायचं आणि उन्हात तापवायचं. झाडांना सापळ्याच्या बाटल्या होत्या, चांगल्या फळांना कागदाच्या पिशव्या होत्या. आम्ही सगळं करत होतो, तरी अळी हटत नव्हती. कारण कुंपणापलीकडं शेजारच्या अप्पाजींची बाग होती आणि तिथं पेरूंचा सडा पडलेला असायचा. त्यांच्याकडं जन्मलेली माशी आमच्याकडं पोट भरायला यायची.

अप्पाजींचं आणि अक्कांचं बोलणं बंद. त्यांच्या फवाऱ्याचं औषध वाऱ्यानं आमच्याकडं आलं म्हणून अक्कांनी त्यांना चारचौघांत झापलं होतं. "माझ्या बागेत पाऊल टाकायचं नाही," असं तेव्हाच ते बजावून बसले होते.

त्या वर्षी अक्कांचा मुलगा शहरातून, के. आर. पुरमहून आला. अर्धा माल किडका निघालेला पाहून म्हणाला, "आई, पुढच्या हंगामात असंच झालं तर बाग ठेकेदाराला देणार. तो फवारेल, त्याची माणसं आणेल." त्याची माणसं म्हणजे मी नाही, एवढं मला कळलं. खोली गेली की आम्ही कुठं जाणार?

अक्कांनी मनावर घेतलं. अप्पाजी सकाळी बसनं गावात जायचे. घरी त्यांची नवी सून असायची, कोलारकडची, अक्कांना न ओळखणारी. हंगाम सुरू होताच एका सकाळी अक्का मला घेऊन सरळ त्यांच्या अंगणात गेल्या. मी पुढं, नव्या ड्रेसमध्ये. त्या मागं, टॉवेल बांधून, हातात पिशव्या.

सून बाहेर आली. तिनं मला पाहिलं, मागं अक्कांना पाहिलं आणि लगबगीनं माझ्यासाठी खुर्ची आणली. "बन्नी मॅडम, कूत्कोळ्ळी." या, बसा.

मी घाबरून अक्कांकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मिश्कीलपणा चमकला. कन्नडमध्ये त्या म्हणाल्या, "आमच्या मॅडमना कन्नड येत नाही हो. मीच सांगते." आणि पडलेल्या पेरूंचं, अळीचं, माशीचं सगळं तिला समजावलं. सून म्हणाली, "न्या की, इथं कुजतंच तर आहे." मग माझ्यापुढं स्टीलच्या पेल्यात कॉफी आली. अक्कांना पायरीवर बसवून केळीच्या पानावर रात्रीचा उरलेला चित्रान्न भात दिला.

मी उठायला लागले. अक्का मराठीत पुटपुटल्या, "बस खाली. उठलीस तर दोघींना हाकलेल."

ती कॉफी कशी गिळली ते माझं मला माहीत. माझी अन्नदाती पायरीवर शिळा भात खात होती आणि नंतर झाडाखाली रांगत कुजके पेरू वेचत होती. आणि मी मॅडम. मदतीला वाकले तर सून धावत यायची, "अय्यो, तुम्ही नका हो, कपडे खराब होतील!"

पूर्ण हंगाम हे चाललं. घरी येऊन मी रडायचे. अक्का हसून म्हणायच्या, "सरी, ठीक आहे, उद्या तू टॉवेल बांध, मी ड्रेस घालते. बसेल का मला तो?" एकदा म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. भातात मीठ तेवढं कमी घालते."

अळी कमी झाली. एकदम गेली असं नाही, पण एचएसआरमध्ये अक्कांचं ऐकूनसुद्धा लोक पेरू घेऊ लागले. मुलानं ठेकेदाराचं नाव काढणं सोडलं. पण वाकून वाकून अक्कांची कंबर गेली. एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. मुलगा गाडी घेऊन आला. मला म्हणाला, बाग आहे तशीच राहील, तूच बघ. अक्का म्हणाल्या, "बरं वाटलं की येते." त्या पुन्हा आल्या नाहीत. पावसाळा सरता सरता तिकडंच वारल्या.

पण मला आठवतो तो त्यांना गाडीत बसवलं तो दिवस. मुलानं आणि मी धरून त्यांना मागच्या सीटवर टेकवलं. मला राहवलं नाही. तिथंच रस्त्यावर मातीत गुडघे टेकून मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. अक्कांनी माझ्या पाठीवर थोपटलं, पण त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडं गेली होती. मी वळून पाहिलं. कुंपणापाशी अप्पाजींची सून उभी होती.

अक्कांनी खिडकीतून तिला हात केला. "खाली पडलेलं ठेवू नको हं मगळे," असं लेकीला सांगावं तसं सांगितलं. गाडी निघाली.

सुनेनं माझ्या मातीनं भरलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "बाग त्यांची?"

"हो."

"मग तुम्ही कोण?"

"त्यांच्याकडं कामाला."

माझं कन्नड मोडकंतोडकं, पण हे वाक्य नीट आलं. ती रागावेल, अप्पाजींना सांगेल, असं वाटलं. तिचा चेहरा मात्र उतरत गेला.

"मी त्यांना पायरीवर बसवलं," ती म्हणाली.

"त्यांना तिथं सावली आवडायची," मी म्हणाले. खरंच आवडायची की नाही, मी कधी विचारलं नव्हतं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मामंजींना सांगू नका. उद्यापासून मीच वेचून इथं कुंपणाशी आणून ठेवते."

मी मान हलवली. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. तरी आम्ही दोघी रस्त्याकडंच बघत उभ्या होतो, कारण एकमेकींकडं बघायची दोघींचीही हिंमत नव्हती.