बिरडं सोलताना विचारलेला प्रश्न

सत्तर सालानंतरची गोष्ट. कर्जत तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी डॉक्टर होते आणि माझ्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं. जो माणूस बरा होणार नाही, त्याला शेवटचे दिवस कसे हवेत हे त्यालाच विचारायचं. रीत याच्या उलटी. घरचे डॉक्टरला अंगणात गाठणार, खुसपुसणार आणि पेशंटला काही कळू देऊ नका म्हणून बजावणार. मला याचा भयंकर राग यायचा. मरणार तो आणि सल्लामसलत बाकीच्यांची.

म्हणून दुपारी केंद्रात मी तालमी सुरू केल्या. कंपाउंडर बाकावर आडवा होऊन आजारी व्हायचा आणि नर्सबाई त्याला विचारायची, "पुढं त्रास वाढला तर कुठं राहावंसं वाटतं, जवळ कोण हवं?" तो इतका कण्हायचा की बाहेरचे पेशंट आत डोकावायचे. हसून हसून पुरेवाट व्हायची. पण नर्सबाईचा प्रश्न पक्का बसला आणि मी हवेत तरंगू लागले.

पहिली खरी वेळ आली ती जवळच्याच गावात. एका म्हातारीचं हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. मुंबईच्या मोठ्या इस्पितळानं 'आता घरीच सांभाळा' म्हणून तिला परत पाठवलं होतं. तरी मुलगा तिला पुन्हा तिकडेच नेणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळचा टेंपो ठरला होता.

नर्सबाईनं म्हातारीला प्रश्न विचारला, उत्तर मुलानं दिलं. पुन्हा विचारला तर सुनेनं दिलं, मग शेजारणीनं. म्हातारी आढ्याकडे बघत पडलेली. तालमीत आमच्या कंपाउंडरला नातेवाईकच नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझी कानशिलं तापली. आता मी तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं.

तेवढ्यात नर्सबाई खाली बसली. सून बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होती. त्यातले मूठभर नर्सबाईनं म्हातारीच्या पदरात टाकले, मूठभर आपल्या, आणि लागली सोलायला. कामाला बसलेल्या बाईला आमच्याकडे कोणी उठवत नाही. शेजारीण कंटाळून निघून गेली.

"दाबू नको गं, दाना मोडंल," म्हातारी म्हणाली आणि उशीला टेकून तिनं एक दाणा सोलून दाखवला.

"आजी, उद्या मुंबईला जायचं ना?" नर्सबाईनं मान वर न करता विचारलं.

"मला नाय जायचं. तिथं जवळ मानूस बसू देत नाय. दम लागला तर हितंच सुई द्या. आन् लोधिवलीवरनं माझ्या लेकीला आना. मला बास हाय."

तालमीतलं एकही वाक्य न वापरता सगळं विचारून झालं होतं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"आये, लोक म्हनतील, पोरानं आईला तशीच ठेवली," मुलगा दारातून म्हणाला.

"लोकांना मी सांगते. तू बस हितं."

तो बसला. नर्सबाईनं त्याच्यापुढेही वाल सरकवले. दम लागला तर काय करायचं, आम्हाला कधी बोलवायचं, हे ऐकताना तो सोलत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. पण हो किंवा नाही, काहीच बोलला नाही.

सकाळी मी इंजेक्शनं घेऊन गेले. वाटेत कळलं, टेंपो पहाटेच निघून गेला. संतापानं पाय आपटतच मी ओटा चढले.

आत म्हातारी सुनेकडून वेणी घालून घेत होती. मुलगा टेंपो घेऊन लोधिवलीला गेला होता, बहिणीला आणायला.