एका विद्यार्थ्याचा वर्ग

आमच्या घरात ‘पहिला नंबर’ म्हणजे शाळेतलाच. त्यामुळे मी मावशीला फोनवर सांगितलं, “आपलं दुकान पहिल्या नंबरवर आलं,” तेव्हा तिने येरवड्याच्या गल्लीत पेढे वाटले. भाच्याचा नेटवर पहिला नंबर आला, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. मी तिला अडवलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

मावशी विदर्भातून माझ्या कितीतरी आधी पुण्यात आलेली. सकाळी मंडईजवळ एका निवृत्त शिक्षिकेकडे स्वयंपाक करायची आणि दुपारी घरी सरगुंडे. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, अलगद सोडवायची, वाळवायची. मी वाघोलीच्या कॉलेजात, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. तिचे सरगुंडे विकायला मी वेबसाइट केली, तेच आमचं दुकान, आणि फुकटचे व्हिडिओ बघून एसईओ शिकू लागलो. म्हणजे लोकांनी नेटवर काही शोधलं की आपलं दुकान वर दिसावं, यासाठीची खटपट.

व्हिडिओतले सर म्हणायचे, शब्द नीट निवडा. मी निवडले, ‘हस्तनिर्मित वैदर्भीय गहू-पास्ता’. वर्गात एकदा मी सरगुंडे म्हणालो होतो, तर एकाने विचारलं, “भाई, म्हणजे नक्की काय, सुरवंट?” सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडून निघेना. वेबसाइटवरही तो कुठे आला नाही. माझे शब्द टाकून शोधलं, तर खरंच आमचं दुकान सगळ्यात वर.

रविवारी मावशी मला त्या शिक्षिका बाईंकडे घेऊन गेली. जिन्यात म्हणाली, “आज बाईंना सांगूनच टाकते. पुढच्या महिन्यापासून स्वयंपाक सोडते. आता आपलं दुकान पाहायचं.” अजून एकही ऑर्डर आलेली नव्हती. ते सांगायला हवं होतं, पण तोवर तिने बेल वाजवली होती.

“बाई, एक सांगायचं आहे, पण आधी आमचं दुकान नेटवर पाहा,” मावशी म्हणाली. बाईंनी चष्मा लावून स्वतःचा फोन घेतला. “काय शोधायचं?”

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, “सरगुंडे लिहा, बाई.”

दुसऱ्यांची दुकानं आली, रेसिपीचे व्हिडिओ आले. बाई बोटाने खाली खाली जात राहिल्या.

“आपलं काऊन दिसत नाई रे?” मावशीने विचारलं.

मी हळूच माझे शब्द सांगितले. बाईंनी ते टाकले, आणि आमचं दुकान वर आलं. मावशीचा चेहरा उजळला. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“अहो, पण असं शोधतं कोण?”

बाईंनी फोन खाली ठेवला.

“एका विद्यार्थ्याच्या वर्गात पहिला नंबर. अभिनंदन.”

मावशीला बोलणं कळलं नसावं, अशी मला आशा वाटली.

“तुम्ही काही सांगणार होतात ना?” बाईंनी तिला विचारलं.

“काई नाई, बाई. उद्या भाजी कोणती करू?”

“मेथी करा.”

मंडईत तिने मेथीच्या जुड्या उलटसुलट करून पाहिल्या. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

“सरगुंडे हे नाव खराब आहे का रे?”

“नाही.”

“मंग लिहिलं काऊन नाई?”

बसथांब्यावर मी फोन काढून पास्ता खोडला आणि सरगुंडे लिहिलं. मराठीत लिहिलं, इंग्रजी अक्षरांतही लिहिलं, लोक करतात तशा वेगवेगळ्या स्पेलिंगनी. तिच्यासमोर फोन धरला. तिने वाचलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, “बस आली.”

गल्लीत नळावरच्या शेजारणीने विचारलं, “काय म्हणल्या बाई? पाहिला का पहिला नंबर?”

“पाहिला ना,” मावशी म्हणाली. “अभिनंदन म्हणल्या.”

शेजारीण माझ्याकडे बघून कौतुकाने हसली. मी मावशीच्या हातातली पिशवी मागितली. तिने दिली नाही.