दोन रुंद्या

मापाडी हे नाव तिला ऑफिसात पडलं. फर्निचर विकणाऱ्या कंपनीत ती प्रोग्रामर होती, आणि कुठलाही आकडा समोर आला की तिचा प्रश्न ठरलेला: कशाचा, कुठून कुठवर मोजलेला? लग्नाआधी गणित शिकली होती. धाकटा शाळेत जायला लागल्यावर, चौतिशीत, ती पोरासोरांच्या मांडीला मांडी लावून पुन्हा, आता प्रोग्रामिंग, शिकायला बसली. तेव्हा "आता या वयात?" म्हणणाऱ्यांत थोरली नणंद पुढे होती. नणंद निवृत्त नर्स. तिच्या लेखी काम म्हणजे माणसाला उचलणं, बसवणं, टाके धुणं. बटणं दाबणं हा रिकामा उद्योग. मापाडीने कधी उलट उत्तर दिलं नाही. ऐकून घ्यायचं आणि आपल्या मनाचं करायचं, ही तिची रीत.

कंपनीने एक नवी सोय काढली. गिऱ्हाइकाने खोलीच्या दाराचं माप भरायचं, कपाट निवडायचं, आणि ते आत जाईल की नाही हे प्रोग्रामने सांगायचं. कपाटाचा क्लास, म्हणजे प्रोग्राममधला कपाटापुरता भाग, मापाडीने लिहिला. दाराचा क्लास शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याने. दोन्ही क्लासमध्ये 'रुंदी' नावाची एकेक मेथड, म्हणजे ठरलेलं एक काम करणारी छोटी आज्ञावली, होती. तिला विचारलं की ती आपला आकडा सेंटिमीटरमध्ये हातात ठेवायची. कपाटाचा आकडा दाराच्या आकड्याहून लहान निघाला की हिरवी खूण. मापाडीने दाराच्या मेथडमध्ये एकदा डोकावायचं म्हटलं, तर दाढीवाला म्हणाला की तुझं तू बघ, माझं मी बघतो. तिचाही पारा चढला आणि तिने बघायचं सोडून दिलं. चाचण्या सगळ्या सुरळीत पार पडल्या.

पुढे नणंदेला कपाट हवं झालं. तिने चौकट मोजून आकडा फोनवर सांगितला, मापाडीने तो भरला, हिरवी खूण आली, आणि ती बिनधास्त म्हणाली, "जाईल, ताई."

रविवारी सकाळी हमाल कपाट घेऊन गेले. नणंद आत उभी राहून भिंत दाखवत होती. कपाट चौकटीत शिरलं आणि अडलं. हमालांनी जोर लावला, तसं ते आणखीच चेपून बसलं. पुढे जाईना, मागे येईना. आणि नणंद आतल्या आत. मापाडी टेप घेऊन धावत आली.

"अगं, तुझं ते मशीन काय म्हणालं होतं?" फटीतून आवाज आला.

"जाईल म्हणालं होतं."

"मग हे काय आहे?"

"अडकलंय, ताई."

आत नणंद हसली असावी, कारण कपाट हललं नसतानाही काहीतरी खुदखुदलं.

मापाडीने मोजलं. कपाट ऐंशी, चौकट ब्याऐंशी. दोन्ही आकडे खरे. पण दार आत उघडत होतं आणि मागच्या भिंतीमुळे पुरतं पसरत नव्हतं. त्याचं जाड पान चौकटीच्या वाटेत उभं होतं. चार सेंटिमीटर वाट त्यानेच खाल्ली होती. तिने कपाटाच्या माथ्यावरून हातोडी आणि खिळा आत सरकवले आणि बिजागरीच्या खिळी खालून वर कशा ठोकायच्या ते सांगितलं. नणंदेने कुरकूर न करता एकेक खिळी काढली, पान अंगावर घेऊन भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "आता ढकला." कपाट सरकत आत गेलं.

सोमवारी मापाडी दाढीवाल्याच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली.

"माझी रुंदी बरोबर आहे," तो ऐकून घेताच म्हणाला.

"माझीही बरोबर आहे. पण तुझी चौकटीची आहे, आणि मी ती वाट समजून माझ्या आकड्याशी ताडून पाहिली. नाव एक, एकक एक, म्हणून आपण दोघंही फसलो."

त्याने दाढी खाजवली, पान गृहीत धरलं नव्हतं हे कबूल केलं, आणि मग दोघं दुपारपर्यंत उठले नाहीत. दाराच्या क्लासमध्ये 'मोकळी वाट' नावाची मेथड आली, कपाटाच्या क्लासमध्ये 'लागणारी वाट'. तुलना आता या दोन वाटांचीच.

ज्यांची हिरवी खूण या नव्या तुलनेत चुकीची ठरली त्यांना मापाडीने स्वतः फोन केले. बरेचजण चिडले, आणि चिडणं रास्तच होतं. एक गृहस्थ मात्र म्हणाले, "बाई, आमचं कपाट कालच आत गेलं, अगदी लोण्यातून सुरी जावी तसं."

तिने दाराचं पान किती जाड आहे ते विचारलं.

"पान कुठलं? नुसती चौकट आहे, पडदा लावलाय."

तिने फोन ठेवला आणि दाढीवाल्याकडे वळून म्हणाली, "पान आहे की नाही, हे आधी विचारायला हवं."

त्याने मान हलवली आणि मेथड पुन्हा उघडली.