अस्तर जपणारे राजाभाऊ

राजाभाऊ पाणी बदलायला बसले की दार लावून घेत, पंखा बंद करत, तोंडाला फडकं बांधत आणि त्या फडक्याआडून माझ्याशी बोलत. ते आत, मी बाहेर ओट्यावर. मंठ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून.

त्यांची मूत्रपिंडं कामातून गेली होती. पोटाला नळी बसवलेली. तिच्यातून पिशवीतलं पाणी पोटाच्या पोकळीत सोडायचं, काही तासांनी काढायचं. आतड्यांभोवतीचा पातळ पडदा रक्तातली घाण गाळून त्या पाण्यात टाकतो. जन्मभर शिवणकाम केलेल्या राजाभाऊंना हे लगेच पटलं. "कोटाला असतंय तसं पोटाला बी आतून अस्तर असतंय, गुरुजी. माझं तेवढंच शाबूत हाय. त्यालाच जपून राह्यलो." जपायचं म्हणजे नळीच्या उघड्या टोकाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. जंतू आत शिरला की जिवावर बेतणार.

पण या माणसाला माणसं लागायची हो! दुकान होतं तेव्हा नुसतं बटण लावायला आलेला गडी दुपार करूनच उठायचा. आता भेटायला आलेले बंद दार बघून परत फिरत. मग येईनासेच झाले. एकदा मी उठलो, तर आतून आवाज आला, "बसा की जरा. बोलू नका, पण बसा." मी पुन्हा ओट्यावर टेकलो.

धाकटा भाऊ वाटणीवरून कित्येक वर्षं बोलत नव्हता. एका सकाळी राजाभाऊ पाणी बदलत असतानाच तो आला. कडी नीट बसली नव्हती. दार ढकलून तो थेट आत गेला आणि रडत राजाभाऊंचे दोन्ही हात धरले, नळीच्या टोकासकट. मी ओट्यावरून "अहो" म्हणेपर्यंत राजाभाऊंनी मला डोळ्यानंच गप्प केलं. तडक दवाखाना गाठायचा सोडून त्यांनी भावाला चहा पाजला, जेवायला ठेवून घेतलं.

पुढं पाणी गढूळ आलं, पोटात कळा सुरू झाल्या. जालन्याच्या दवाखान्यात मी ओरडलोच, "बाहेर थांब म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"भाऊ दारात आल्ता, गुरुजी. थांब म्हणलो असतो तर पुन्हा आला असता का? सांगा."

 औषधं झाली, पण राजाभाऊ वाचले नाहीत.

राख सावडून झाल्यावर भावानं मला बाजूला घेतलं. "गुरुजी, मी आल्तो तव्हा तर चांगला हसून बोलला. मंग एकाएकी काय झालं?"

"पोटाचं दुखणं होतं," मी म्हणालो.

"तरी बरं, मी येळेवर येऊन भेटलो."

"हो," मी म्हणालो, "फार बरं झालं."