तांब्याची तार

डाव्या हाताचं एक बोट वर करायचं आणि मान न उचलता म्हणायचं, "आकडा चाललाय." एवढं झालं की दुकानातल्या सगळ्यांनी गप्प बसायचं.

हे शेवगावातले मोटार मिस्त्री. विहिरीवरची जळालेली मोटार भरायची म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे मोजून द्यायचे. एक वेढा चुकला की सगळं उकलून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे समोर आमदार येवो नाहीतर सोनईहून आलेला पाहुणा, बोट वरच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या दारात गेलं की आपला आवाज आपोआप खाली येतो.

मी तिथल्या हायस्कुलात शिक्षक. आमची पाण्याची मोटार भरायला टाकली, तेव्हा त्यांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली गिटार दिसली. हॉस्टेलवर असताना मी थोडी वाजवायचो. न राहवून मी ती काढली आणि तारा जुळवल्या.

आकडा संपल्यावर मिस्त्री म्हणाले, "पोरीची हाय. पुण्याला नोकरीला गेली, हितंच ठिवून. तुमाला येतं व्हय सर?"

मग मोबाईलवर त्यांनी मला एक गाणं ऐकवलं. इंग्रजी रॉकमधलं, पण अगदी संथ. सुरुवातीला नुसती गिटार, एकेक तार बोटांनी हळूच छेडलेली.

"कालेजात असताना दिसभर ह्येच वाजवायची. एकदा मोटारीचा आकडा चुकला माजा, अन् मी वरडलो. बंद कर म्हनलं ती टुनटुन. तिनं बंद केली ती कायमचीच." ते हातातली तार सोडत-गुंडाळत राहिले. "येवढं येक गानं शिकवा मला. तिच्याम्होरं वाजवायचं हाय."

शनिवारी माझी सकाळची शाळा. दुपारी दोनला दुकानात शिकवणी सुरू झाली. बोटं बारीक कामात मुरलेली होती, पण अंगठा म्हणजे हातोडा. वरच्या जाड तारेवर तो असा पडायचा की नाजूक गाण्यात कुणी दार आपटावं. "हळू, मिस्त्री," मी म्हणायचो. ते बोट वर करायचे. "आकडा चाललाय."

खरंच मोजायचे. ज्या वहीत ते प्रत्येक मोटारीची तार आणि वेढे लिहीत, तिच्यातच त्यांनी हे गाणं उतरवलं होतं: चार पकडी, म्हणजे कॉर्ड, प्रत्येकीला आठ फेरे. एक फेरा चुकला की पहिल्यापासून. मी म्हणायचो, "अहो, चुकलं तरी पुढे जायचं." ते मान हलवायचे. "मोटार जळंल ना सर."

एकदा एक शेतकरी दारात उभा राहून ऐकत होता. "मिस्त्री, ही कितीची मोटार?" "पाऊन हार्सपावर," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले आणि पुन्हा पहिल्या फेऱ्यावर आले.

अंगठ्याच्या माराने शेवटी ती जाड तार तुटली. पुढच्या शनिवारी पाहतो तर त्यांनी दुकानातल्याच तांब्याच्या तारा पिळून तिथे बसवलेल्या! सूर कसला, नुसतं 'थड'. मला हसू आवरेना. "नगरहून नवी आणतो," मी म्हणालो. आणायची मात्र राहून गेली.

दिवाळीच्या तोंडावर गाणं अथपासून इतिपर्यंत जमलं. जड, पण जमलं. मिस्त्रींनी विचारलं, "पोरगी येतीया भाऊबीजेला. वाजवू का?"

"अजून नको, मिस्त्री. अंगठा सुधारू दे. संक्रांतीपर्यंत स्वच्छ होईल."

"तुमी म्हन्ताय तर तसं," ते म्हणाले आणि गिटार खिळ्याला लावली. स्वच्छ! कुणाला हवं होतं स्वच्छ? माझ्या मास्तरकीला.

दिवाळीनंतर ते म्हणाले, "आली, गेली. गिटार बगून म्हनली, पप्पा, ही इकून टाका आता. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दी."

संक्रांत आलीच नाही त्यांना. दुकानातच छातीत कळ आली, नगरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर मुलगी दुकान आवरत होती, म्हणून गेलो. तिने वही पुढे केली. "सर, ही कुठली मोटार? चार पकडी, आठ फेरे. आणि खाली लिहिलंय, अंगठा हळू."

मी गिटार उतरवली आणि तांब्याची तार टाळून हळुवार वाजवायला लागलो. दुसऱ्या पकडीलाच तिने ओळखलं. मी तिला सगळं सांगितलं. दिवाळीला नको म्हणणारा मीच, हेही सांगितलं. ती माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती. मला तिची क्षमा मागायची होती.

"पप्पा असंच वाजवायचे?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

आणि पहिल्या फेऱ्यापासून पुन्हा सुरू केलं. या वेळी तांब्याच्या तारेवर अंगठा जोरात आपटत.