रुजवात घेणार

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, इंटरनेटवरचे काही कधी पुसले जात नाही." मग वडवणीच्या बातम्यांचे ते संकेतस्थळ उघडून बघा. तिथे आता रमीची जाहिरात आहे. म्हणून ज्यांनी त्या बातम्या राखल्या, त्यांच्याविषयी आजच लिहिते.

ते तहसील कचेरीत नकला करून देणारे कारकून होते. निवृत्तीनंतर रोज सकाळी त्या संकेतस्थळाची पाने छापून माझ्या ओट्यावर येत, चष्मा पुसत आणि म्हणत, "बाई, रुजवात घ्या." रुजवात म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहणे. मी फोनवरची बातमी मोठ्याने वाचायची, त्यांनी कागदावर बोट फिरवायचे. मग खाली वेळ, तारीख आणि दोघांच्या सह्या.

मला त्यांचा संशय होता. लोकांच्या बातम्या जपून हा माणूस कुणाला धाक दाखवणार? एकदा मी सातच्या एसटीची वेळ मुद्दाम आठ वाचली. बोट थांबले.

"सात हाय बाई. मला तपासायलात का?"

"हो."

ते खूश झाले. "म्हणूनच तर तुमच्याकडं येतो. भरवसा ठेवणाऱ्याची सही काय कामाची?"

इंटरनेटवर जुनी पाने जशीच्या तशी साठवणारे संग्रह असतात, हे मी त्यांना दाखवले. "यंत्राचं यंत्रानंच खरं म्हणायचं व्हय?" असे पुटपुटत ते तिथे पाने साठवायला शिकले. मग संग्रहातल्या पानांचीही रुजवात सुरू झाली.

एका सकाळी गावातल्या वार्ताहर मुलीने नव्या पुलाला तडे गेल्याची बातमी दिली. दुपारी त्याच पानावर, तीच वेळ दाखवत, 'पुलाचे काम दर्जेदार' असे आले. संकेतस्थळाचा मालक म्हणाला, आधीची बातमी कधी नव्हतीच, मुलगी खोटे बोलते. तिने लेखी माफी मागावी, असा गावातल्या पुढाऱ्यांनी हट्ट धरला.

"माझंच लिहिलेलं मला दाखवता येईना," ती म्हणाली. कारकुनांनी सकाळची नक्कल पुढे केली.

पुढारी माझ्याकडे आले. "बाई, सही तुमचीच का? वय झालं की लई घोटाळा हुतो."

"वय माझे झाले. तडे पुलाला गेले."

माफीचा विषय तिथेच संपला.

गेल्या वर्षी कारकून वारले. महिन्याभराने संकेतस्थळ बंद पडले. पण अकरा फायली माझ्या कपाटात आहेत, आणि पुलाची सकाळची बातमी त्या संग्रहात अजून उघडते. काल ताडून पाहिली. अक्षरन् अक्षर आहे.